नेहमीची जागा, नेहमीची वेळ

क्वमहेलिग गावात प्रत्येक नावाला धंद्याची शेपटी असतेच. एका गल्लीत चार डेव्हिड आणि पाच जोन्स राहायला लागले की लोक तरी काय करणार? बेकरी चालवायचा तो डाय पाववाला, खाणीत दिवे सांभाळायचा तो आयव्हर दिवा. एम्रिस हा टपाल वाटायचा, तेव्हा त्याला खरं तर एम्रिस टपाल म्हणायला हवं होतं. पण टपाल वाटणारे गावात आणखी दोघे होते. कणकेच्या खळीची बादली आणि कुंचा घेऊन भिंतीभिंतीवर गायकवृंदाची पोस्टरं चिकटवत हिंडणारा मात्र तो एकटाच होता. म्हणून त्याचं नाव पडलं एम्रिस खळ. क्वमहेलिग पुरुष गायकवृंदाचा तो एकेचाळीस वर्षं प्रसिद्धी-चिटणीस होता आणि या पदाचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढा टपालखात्याने निवृत्तीला दिलेल्या घड्याळाचाही नव्हता.

हा वृंद खाणीतल्या माणसांनी एकोणीसशे एकवीस साली काढला, तेव्हा घटनेत एक कलम घातलं होतं. वार्षिक सभेच्या दिवशी वीसपेक्षा कमी माणसं भरली, तर वृंद बंद करावा आणि पियानो व गाण्याची पुस्तकं पेनबॉन्टच्या वृंदाला देऊन टाकावीत. कलम लिहिणाऱ्यांनी ते गमतीने लिहिलं असणार. तेव्हा वृंदात सव्वाशे माणसं होती आणि बाहेर रांग लागलेली असायची. शिवाय पेनबॉन्ट म्हणजे खालचं गाव, स्पर्धेतलं वैरी. त्यांना पियानो द्यायचा? त्यापेक्षा तो नदीत लोटू, असं डाय पाववाला म्हणायचा, आणि तो वृंदाचा अध्यक्ष असल्यामुळे ते जवळजवळ अधिकृत धोरण होतं.

आता माणसं उरली होती सतरा. सभा एप्रिलच्या शेवटी, आणि मार्च लागला होता.

म्हणून त्या मंगळवारी रग्बी क्लबाच्या वरच्या खोलीत तालमीऐवजी बैठक बसली. समोर उभी होती शोनेद. खर्जात गाणाऱ्या इथेल बेसची मुलगी, शिकून कार्डिफला गेलेली, तिथे मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींच्या योजना करणारी. इथेलला जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरगी सुट्टीचा दिवस काढून, फुकट, आपणहून आली होती. तिने तिकाटण्यावर मोठा कागद लावला आणि रंगीत पेनाचं टोपण काढलं.

"आधी मला सांगा, तुमचा ग्राहक कोण?"

सतरा जण एकमेकांकडे बघायला लागले.

"बाळा, ग्राहक बेकरीला असतात," डाय म्हणाला. "इथे आम्ही गातो."

"बरं, असं विचारते. तुमच्याकडे असं काय आहे, जे पेनबॉन्टकडे नाही?"

"सूर," मागून आयव्हर म्हणाला.

"लाज," दुसरा कोणीतरी म्हणाला आणि पाच मिनिटं नुसता हशा झाला. गायकवृंदाचा संचालक हायवेल, आयुष्यभर शाळामास्तर, त्याने पेन्सिल टेबलावर आपटली तेव्हा कुठे सगळे गप्प बसले. शोनेदही हसत होती. तिने प्रत्येकाला एकेक कोरं कार्ड वाटलं.

"एकच प्रश्न. तुम्ही पहिल्यांदा या वृंदात कसे आलात? दोन ओळी लिहा. नाव नको."

मग बराच वेळ खोलीत नुसता पेन्सिलींचा आणि खोकल्यांचा आवाज. माणसं लिहिता लिहिता खिडकीबाहेर बघत होती. आयव्हरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शोनेदने कार्डं गोळा केली आणि एकेक वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्या खोलीत सतरा नव्हे, पन्नास माणसं येऊन बसली.

"बापाने कानाला धरून आणलं. म्हणाला, रड इथे, निदान सुरात रडशील."

"पाळी संपवून खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येताना गुणगुणत होतो. शेजारी काळ्या तोंडाचा माणूस होता. म्हणाला, रविवारी ये. अंघोळ करून आलो तर त्याने ओळखलंच नाही."

"रविवारी दुपारी आई झोपायची. घरात आवाज करायची चोरी. बेथानिया चॅपेलच्या मागच्या खोलीत आवाज करायला परवानगी होती."

"शेजारचा विल न्यायला यायचा. विल गेला. मी अजून येतो."

शोनेद वाचत होती आणि कागदावर रकाने आखून खुणा करत होती. वडील, पाच. खाणीतला सोबती, सहा. शेजारी, तीन. घरात आवाज नको म्हणून, एक. बायकोने पाठवलं, एक. शेवटी तिने एक रकाना आखला, वर 'पोस्टर' असं लिहिलं आणि कार्डं पुन्हा एकदा चाळून खाली गोल काढला. शून्य.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती आपलं काम करत होती. पण ते शून्य चांगलं बशीएवढं होतं, लाल शाईचं, आणि एम्रिस पहिल्या रांगेत त्याच्या बरोबर समोर बसला होता. एकेचाळीस वर्षं, थंडीवाऱ्यात, खळीने बोटं फुटेपर्यंत. आणि त्याच्यापेक्षाही जास्त, नेस्ता. त्यातलं एक न् एक पोस्टर त्याच्या बायकोने हाताने रंगवलं होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आज तिच्या कामाला कोणीतरी मार्क देत होतं.

"सोळाच कार्डं झाली," शोनेद म्हणाली. "एक कुणाचं राहिलं?"

"माझं," एम्रिस म्हणाला. "मला काही सुचलं नाही."

खरं तर त्याने लिहिलं होतं. दोन ओळींत मावेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं होतं, आणि कार्डं गोळा झाली तेव्हा ते संपलं नव्हतं. पण आता ते वाचून दाखवलं असतं तर लोक हसले असते, म्हणून ते कार्ड त्याने कोटाच्या खिशात सरकवलं.

पुढे शोनेदने जुनं पोस्टर मागितलं. एम्रिसने एक गुंडाळी आणली होती. ती उलगडली तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली, कारण नेस्ताचं अक्षरच तसं होतं. काळी, टपोरी अक्षरं, पहिल्या अक्षराला तांबडी वेल. 'क्वमहेलिग पुरुष गायकवृंद. माणसं हवीत. नेहमीची जागा, नेहमीची वेळ.'

शोनेदने ते दोनदा वाचलं. "एम्रिसकाका, यावर जागा नाही. वेळ नाही. वारसुद्धा नाही."

"लिहिलंय की. नेहमीची."

"पण नेहमीची म्हणजे कुठली?"

"ते गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक असतं तर तुम्ही सतरा कशाला उरला असता, काका?"

यावर कोणी हसलं नाही. एम्रिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या खऱ्या, पण हेच भांडण तो स्वतः नेस्ताशी जन्मभर भांडला होता. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून, अक्षरं काढत बसायची आणि हा पाठीमागून म्हणायचा, "अगं, एकदाचा पत्ता लिही ना. बेथानिया चॅपेलची मागची खोली, रविवार, अडीच. एवढी जागा आहे खाली." ती कुंचला न थांबवता म्हणायची, "विचारतील की." दर वर्षी हेच. पत्ता काही तिने लिहिला नाही. मग चॅपेलला माणसं उरली नाहीत, अकरा वर्षांपूर्वी त्याला कुलूप लागलं, तालीम मंगळवारी सातला रग्बी क्लबात आली. तरी पोस्टरावर तेच. नेहमीची जागा, नेहमीची वेळ. तेव्हा मात्र एम्रिसने वाद घालायचं सोडून दिलं होतं.

नवं पोस्टर मताला टाकलं. शोनेदने ते तयारच आणलं होतं: गुळगुळीत, निळं, वर वार, वेळ, पत्ता, नकाशा, फोन लावून बघायची ती काळी चौकट, सगळं. पंधरा हात वर झाले. डायने अध्यक्ष म्हणून मत दिलं नाही. विरोधात एक हात होता आणि तो कुणाचा हे सांगायला नको.

घरी येऊन एम्रिस दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तसंही घरात बोलायला कोणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्याने जिन्याखालचं कपाट उघडलं. नेस्ताने आजारी पडायच्या आधीच्या वसंतात रंगवलेली अकरा पोस्टरं तिथे पडून होती. तिच्यामागे ती लावायला त्याचं मन झालं नव्हतं. लावली असती तर संपली असती. आता वृंदच बंद होणार, पियानो पेनबॉन्टला जाणार, मग ही ठेवून तरी काय करायचं? थोडा रागही होता, नाही असं नाही. त्या निळ्या कागदाशेजारी लोकांनी एकदा खरं अक्षर पाहावं, असंही त्याला वाटत होतं. पण मुख्य म्हणजे तिचा हात गावाच्या भिंतीवर त्याला शेवटचा एकदा बघायचा होता.

त्याने कणीक कालवली, खळ शिजवली. तो वास घरात सुटला तेव्हा त्याला चुलीपाशी उभं राहून दोन मिनिटं डोळे मिटून घ्यावे लागले.

बसथांबा, रेल्वेपुलाखालची भिंत, बंद पडलेल्या खाणीचं फाटक, दवाखान्याबाहेरचा फलक. कुठे कोणता कोपरा सुटतो, कुठे वारा मागून शिरतो, हाताला सगळं पाठ होतं. शेवटचं पोस्टर घेऊन तो ब्रेंडाच्या दुकानात गेला. ब्रेंडा मासे आणि बटाटे तळून विकायची आणि गावातली अर्धी बातमी तिच्या कढईपाशीच शिजायची.

"अगं बाई, नेस्ताचं अक्षर!" तिने आधी एप्रनला हात पुसले, मगच कागदाला बोट लावलं. "कुठे होतं हे इतके दिवस?"

"कपाटात."

"थांब, फोटो काढते. आमच्या त्या फेसबुकवर टाकते, 'क्वमहेलिगची माणसं' म्हणून आहे बघ. ब्रिस्टलपासून कॅनडापर्यंत सगळे असतात त्यात. रडतील मेले."

"टाक. पण पत्ता नाही हं त्याच्यावर."

"तो कधी होता?" ब्रेंडा म्हणाली.

पुढच्या मंगळवारी शोनेदच्या योजनेतली खुली तालीम होती. निळी पोस्टरं शंभर लागली होती, स्थानिक रेडिओवर सांगून झालं होतं. सतरा जण कडक इस्त्रीच्या कोटात साडेसहापासून उभे. डायने तव्यावरचे मनुकांचे केक केले होते, मोजून सहा डझन. सात वाजले. सव्वासात वाजले. जिन्यावर पावलं वाजली आणि सगळ्यांनी पाठी ताठ केल्या. आत एक तरुण आला, सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, "डार्ट्स खेळतात ते इथेच का?" ते खाली होतं. तो दोन केक खाऊन गेला. त्या संध्याकाळचा तेवढाच नवा माणूस.

एम्रिसला खरं तर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तालीम संपल्यावर त्याला शोनेद खाली गाडीपाशी उभी दिसली, उरलेली निळी पोस्टरं छातीशी धरून.

"माझं काहीतरी चुकलं, काका."

"तुझं नाही गं चुकलं. छान होतं पोस्टर. वाचता तर येत होतं."

ती हसली नाही. "बाबा गेल्यावर तुम्ही वर्षभर त्यांची जागा मोकळी ठेवून गायलात ना? मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. नाताळच्या कार्यक्रमाला मी समोर बसले होते. अख्खा वेळ त्या फटीकडे बघत होते. तेव्हाच ठरवलं होतं की यांच्यासाठी काहीतरी करायचं." तिने नाक पुसलं. "आणि केलं काय, तर तुम्हाला शून्य दाखवलं."

एम्रिसचा राग तिथेच विरघळला. मेलेल्याची जागा वर्षभर मोकळी ठेवायची ही वृंदाची जुनी रीत. पण अलीकडे इतक्या फटी पडत होत्या की शेवटच्या कार्यक्रमात मागची रांग म्हाताऱ्याच्या तोंडासारखी दिसत होती. त्याने तिच्या हातातले कागद घेतले. "चल, घरी जा. आई वाट बघत असेल," एवढंच तो म्हणाला.

रविवारी जेवण आटोपून तो नेस्ताकडे निघाला. दफनभूमी टेकडीवर, आणि वाट बेथानियावरून. गेल्या रविवारी सर्दीने अंथरूण धरल्यामुळे त्याची फेरी चुकली होती, म्हणून आज त्याने डॅफोडिल दुप्पट घेतले होते. ऊन पडलं होतं. वळण घेतलं आणि तो थबकला.

बेथानियाच्या बंद दारासमोर, पायऱ्यांवर, माणसं उभी होती. आठ-नऊ. काहींनी टाय लावले होते. एकाच्या काखेत जुनं, कडा फाटलेलं गाण्याचं पुस्तक होतं.

"आला बघा!" त्यातला एक ओरडला. "अडीचचे पावणेतीन झाले, खळ! तुमच्यात हल्ली वेळेची काही चाड आहे की नाही?"

तो केल्विन होता. तीन गल्ल्या सोडून राहणारा केल्विन, जो वीस वर्षांपूर्वी हायवेलशी एका सुरावरून भांडून गेला तो परत फिरकला नव्हता. त्याच्या शेजारी ग्रिफ. खाण बंद झाली तेव्हा हा स्विंडनच्या कारखान्यात गेला होता.

"तू इकडे कसा?" एम्रिसने विचारलं.

"दोन वर्षं झाली, निवृत्त होऊन परत आलो," ग्रिफ म्हणाला. "तुमचं चालू आहे की नाही ते माहीत नव्हतं. चॅपेलला कुलूप बघितलं, वाटलं संपलं. त्या निळ्या पोस्टरांकडे धड बघितलंच नाही, कसली तरी जाहिरात वाटली. मग ब्रेंडाने टाकलेला तो फोटो पाहिला. म्हटलं, नेस्ताचं अक्षर आहे, म्हणजे चालू आहे."

"मागच्या रविवारी मी आणि हा, दोघंच होतो इथे," केल्विनने सांगितलं. "तासभर वाट बघितली. कुणी आलं नाही. मग याने त्या फेसबुकावर लिहिलं की पुढच्या रविवारी या रे सगळे."

ब्रिस्टलहून आलेले दोघे होते. एक ग्लॉस्टरहून दोन गाड्या बदलून आला होता. सगळ्यांना नेहमीची जागा ठाऊक होती, नेहमीची वेळ ठाऊक होती; फक्त ती अकरा वर्षांपूर्वी बदलली हे ठाऊक नव्हतं. एम्रिस सांगायला गेला, "अरे, तालीम आता मंगळवारी..." आणि तिथेच थांबला. ज्यांना ती नेहमीची वाटत होती, त्यांना ती आता नेहमीची नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने केल्विनचा फोन घेतला आणि हायवेलला लावला.

"तालमीला ये."

"कुठल्या तालमीला? आज रविवार आहे."

"नेहमीच्या," एम्रिस म्हणाला. "बेथानियाला. आणि ताल द्यायची काठी आण तुझी."

हायवेलने बाकीच्यांना कळवलं आणि पंधरा मिनिटांत सगळे आले. हायवेल घरातल्या सपाता घालून. डायच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच खोचलेला, त्यावर कोकराच्या रश्श्याचा डाग. आयव्हरला त्याच्या नातीने गाडीतून आणून सोडलं. शोनेद आईकडे जेवायला आली होती, तीही धावत आली. दार उघडायला किल्ली कुणाकडेच नव्हती. दारावर 'विकणे आहे' अशी पाटी होती. मग हायवेल आणि केल्विन समोरासमोर आले.

"तू तेव्हा सुरातून खाली उतरला होतास," हायवेल म्हणाला.

"तू काठी वर केली नव्हतीस," केल्विन म्हणाला.

"दुसरा टेनर. तुझी जागा मधल्या रांगेत. चल उभा राहा."

कोणाला काही सांगावं लागलं नाही. कोण चाळीस वर्षांनी आलेला, कोण वीस. पण पायऱ्यांवर प्रत्येक जण आपल्या जागी जाऊन उभा राहिला, आणि गेलेल्यांच्या फटी आपोआप सुटल्या. इतक्यात खालून ब्रेंडा आली, रविवारचा चांगला कोट घालून, आणि तिच्यामागे एक उंच, गोरा, बुजलेला माणूस.

"थांबा रे! हा लेशेक. पोलंडचा आहे, घरोघर पार्सलं पोचवतो. आठवडाभर माझं डोकं खातोय. पुलाखालचं पोस्टर रोज बघतो म्हणे. आवडलंय त्याला. पण पत्ता नाही, म्हणून दुकानात विचारायला आला. मी म्हटलं, तुला नुसतं सांगून कळायचं नाही, रविवारी मीच घेऊन जाते. मंगळवारचं माझ्या लक्षातच नाही राहिलं."

"पत्ता नव्हता, मग सोडून का नाही दिलंस?" एम्रिसने त्याला विचारलं.

लेशेकने शब्द जुळवत उत्तर दिलं. "शेजारी निळं पोस्टर होतं. त्यात सगळं लिहिलेलं होतं. ते वाचलं आणि गेलो पुढे. यात नव्हतं, म्हणून विचारलं. मला इथे चार महिने झाले. 'सही करा' सोडून कुणाशी काही बोललो नव्हतो."

एम्रिसने मान वळवली आणि टेकडीकडे बघितलं. विचारतील की.

हायवेलने लेशेकला एक सूर धरायला लावला. तो सूर जमिनीतून आल्यासारखा आला, खोल आणि रुंद. बेस होता, अस्सल. हायवेलने मागच्या रांगेकडे बोट केलं आणि मध्येच थांबला. मोकळी होती ती जागा डावीकडून तिसरी. त्याने शोनेदकडे पाहिलं. शोनेदने होकारार्थी मान हलवली, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लेशेक जाऊन इथेलच्या जागी उभा राहिला.

मग ते गायले. जुनंच स्तोत्र, सगळ्यांना पाठ असलेलं. पहिली ओळ जरा विस्कटली, दुसरीला माणसं एकमेकांना ऐकायला लागली आणि तिसरीला समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. एम्रिस टेनरमध्ये होता, पण त्याला धड गाता येत नव्हतं. हातात डॅफोडिल तसेच होते. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने खिशात हात घातला तर हाताला कार्ड लागलं.

गाणं संपल्यावर डायने मोजलं. लांबची माणसं लांब जाणार होती. ती वर्षातून एकदा येऊ म्हणाली. पण केल्विन, ग्रिफ आणि लेशेक मंगळवारी येतो म्हणाले. सतरा आणि तीन. डायने पुन्हा मोजलं, मग गळ्यातला रुमाल काढून हवेत फेकला. "पियानो आपला राहिला रे!"

ज्याला त्याला कुणी ना कुणी मिठ्या मारत होतं. शोनेद पायरीवर बसली होती. एम्रिस तिच्याजवळ गेला आणि ते चुरगळलेलं कार्ड त्याने तिच्या हातात दिलं.

"त्या दिवशीचं सतरावं. तुझं शून्य खोडून एक कर."

तिने ते वाचलं. बारीक, टपालवाल्याच्या अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं.

'पोस्टर पाहून आलो. एकाहत्तर साल. उत्तरेकडून बदली होऊन आलो होतो, भाड्याची खोली, सहा आठवडे कुणाची ओळख नाही. सहकारी दुकानाच्या काचेत पोस्टर होतं. पत्ता नव्हता, म्हणून आत जाऊन विचारलं. गल्ल्यावरच्या मुलीच्या बोटाला तांबडा रंग लागला होता. म्हणाली, असं सांगून कळायचं नाही, रविवारी दोनला या, मी घेऊन जाते. आम्ही नदीवरून, खाणीवरून, टेकडीला वळसा घालून अर्ध्या तासाने बेथानियाला पोचलो. पुढच्या आठवड्यात मला कळलं की बेथानिया त्या दुकानाच्या समोरच आहे.'